सरावाचा पेशंट

—नाही हो डॉक्टर, उभ्याउभ्या मी सही करत नाही. बसा. ती नको, ती खुर्ची मागे कलंडते, परवाच एक फिजिओथेरपिस्ट उताणा पडला, तिच्या बाजूची घ्या. आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, या चौकोनात एक खूण करायची, 'प्रशिक्षण पूर्ण' असं उमटेल आणि मी सोमवारी सकाळी ऑपरेशनला उभा राहीन. म्हणालातच की तुम्ही. आणि टोरोंटोला तुम्ही याच्यापेक्षा मोठी तीन-तीन सॉफ्टवेअर वापरलीत, तेही म्हणालात. वापरली असतील, मी कुठे नाही म्हणते? पण ज्याला गाडी येते तोच दुसऱ्याच्या गाडीत वायपर लावायला जातो आणि हॉर्न वाजवतो. मी राईली हार्यू. तेहतीस वर्षं वर तिसऱ्या मजल्यावर नर्स होते, गुडघा गेला तसं मला या तळघरात आणून बसवलं – नवीन आलेल्यांना कॉम्प्युटर शिकवायला. सहा वर्षं झाली. दोनशेच्या वर माणसं या खोलीतून वर पाठवलीत – नर्सा, डॉक्टर, औषधवाले. कॉफी घ्या. तो पावही घ्या, वेलची घातलेला आहे, सकाळीच भाजलाय. घड्याळाकडे नका बघू, दोन वाजायला आलेत, बाहेर बर्फ पडतोय, शुक्रवार आहे, तुम्हाला असं कुठे जायचंय?

मी अशी नव्हते, बरं का. मीही सह्या करायचे. का करत नाही ते सांगते, म्हणजे तुम्हाला राग यायचा नाही. पण आधी हे बघा, हा स्क्रीन – नाही, हात नका लावू अजून, नुसतं बघा. वरच्या कडेला नारिंगी पट्टी दिसते? ही सरावाची प्रत. खऱ्या हॉस्पिटलसारखीच दिसते, तेच रकाने, तीच बटणं, पण आतली माणसं खोटी. इथे तुम्ही कुणाला विष लिहून दिलंत तरी कुणी मरत नाही. आणि पट्टी नसली, की ते खरं. झालं, पहिला धडा संपला. हसलात ना? सगळे हसतात. नारिंगी पट्टी काय शिकवायची गोष्ट आहे, म्हणतात. थांबा.

तर ही खोटी माणसं. कॉम्प्युटर विभागानं मला दिली तेव्हा त्यांची नावं काय होती, सांगू? सराव एक, सराव दोन, सराव तीन. आता सांगा, सराव दोनला ताप आला तर कुणाच्या काळजाला काही होईल? नवी पोरं यायची, डोळ्यांत झोप, मी म्हणायचे सराव दोनला औषध लिहा, ती लिहायची, आणि जेवून आली की सगळं विसरलेली. वरच्या जुन्या नर्सा तर काय, आमची एक होती, ती शेवटपर्यंत सगळं तळहातावर लिहायची आणि स्क्रीनसमोर हात धरून वाचून दाखवायची, जणू तो ऐकतोय. तेव्हा मी म्हटलं, हे असं चालायचं नाही, माणसं घालायला हवीत. म्हणून मी घातली. आमचे पाद्री आहेत, त्यांना मूळव्याध दिली. शेजारीण माझ्या दारात बर्फ लोटते, तिला दिली गोवर, वय वर्षं सत्तर. आणि सराव दोनच्या जागी घातला एइनो. एइनो हार्यू.

हो, हार्यूच. नवरा. होता. तेवीस वर्षांपूर्वी गेला सोडून – बर्फाच्या मैदानावर ते घासून गुळगुळीत करायचं यंत्र असतं ना, ते चालवणाऱ्या बाईबरोबर. मी आडनाव ठेवलं, सगळी कागदपत्रं बदलत कोण बसणार. तर एइनोला मी काय दिलं असेल? बद्धकोष्ठ. जुनाट. आणि पोरांना पहिला सराव काय? एइनोला एनिमा लिहून द्या. नाव शोधा, उघडा, एनिमा लिहा, मग दुसऱ्यानं 'दिला' अशी नोंद करायची, तिसऱ्यानं 'परिणाम समाधानकारक' असं लिहायचं. दोनशे माणसांनी, डॉक्टर, सहा वर्षांत, दोनशे एनिमा. ॲलर्जीच्या रकान्यात मी लिहिलं होतं – काम, आणि सासू. खोली कशी खिदळायची विचारू नका. आणि एकहीजण काही विसरला नाही, कळलं का? वर जाऊन पोरं सांगायची, आम्ही एइनोवर शिकलो. कॅन्टीनमध्ये एकमेकींना विचारायच्या, आज कसा आहे एइनो? झाली का? मला बक्षीस मिळालं त्या वर्षी, तो काचेचा तुकडा दिसतोय ना खिडकीत, तोच तो. शिकवण्याच्या अभिनव पद्धतीबद्दल. पद्धत काय होती ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आता ब्रायनी. ब्रायनी तेसिये, तेवीस वर्षांची पोरगी, ऑगस्टमध्ये लागली. हुशार, पण पायात भिंगरी. ट्रेनिंगच्या दिवशी सकाळी येऊन उभी राहिली, अशीच, तुम्ही उभे होतात तिथे. म्हणे राईली, तुम्ही एक कराल का, आईला घरी न्यायचंय, जेराल्डटनला, तीन तास जायला तीन तास यायला, ती केमोची खुर्ची सोडून बाहेर थांबलीय. मी कॉलेजात हेच सॉफ्टवेअर केलंय, मला सगळं येतं. मी म्हटलं जा. खूण केली. प्रशिक्षण पूर्ण. तुम्ही काय केलं असतंत? मीही तेच केलं. आईला पोहोचवणाऱ्या पोरीला कोण अडवून ठेवेल?

मग सप्टेंबरच्या शेवटी, मंगळवार होता, मी इथे अकराजणांचा वर्ग घेत होते. सकाळचे दहा-सव्वादहा. म्हटलं, चला, शोधा हार्यू, एइनो. उघडला त्यांनी. मीही उघडला, मोठ्या पडद्यावर. तर ॲलर्जीच्या रकान्यात – काम, सासू, आणि त्याच्याखाली पेनिसिलीन. मी म्हटलं हा चावटपणा कुणी केला? कुणी कबूल होईना. खाली बघते तर खोली तीनशे चौदा, ताप एकशे तीन, रक्तदाब, सगळं नीट लिहिलेलं, उजवा पाय सुजलाय, तळव्यात खिळा घुसला होता तळ्याकाठच्या घरी, आणि शेवटी एक ओळ – 'पेशंट विचारतो की त्याची पूर्वीची बायको अजून इथे काम करते का.'

हसू नका. मीही आधी हसलेच. अकराजण हसत होते. मला वाटलं वरच्या कुणीतरी मस्करी केली, मी इतकी वर्षं करतेय, कुणीतरी उलटवलीय. आणि मग ते पेनिसिलीन डोळ्यांत घुसलं. कारण ते मी कधी लिहिलं नव्हतं. काम लिहिलं, सासू लिहिली, पण ते नाही, ते खरं होतं ना – लग्न झालं त्या वर्षी दात दुखतो म्हणून एक गोळी घेतली होती त्यानं, आणि तोंड असं फुगलं, भिजवलेल्या कणकेसारखं, ओठ कुठे नि डोळे कुठे कळेना, श्वास घेताना शिट्टी वाजत होती. हे तो आणि मी सोडून कुणाला ठाऊक असणार? म्हणजे हे लिहिणारीला त्यानं सांगितलं. म्हणजे तो वर आहे. खरा. आणि त्याची ॲलर्जी इथे, तळघरात, सरावाच्या प्रतीत लिहिलीय, आणि वरचा खरा रकाना कोरा. खरा रकाना कोरा असला की औषधवाले काय पाठवतात सुजलेल्या पायाला? तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हीच सांगा. तेच.

वर फोन लावला, एंगेज. पुन्हा एंगेज. लिफ्ट सहाव्या मजल्यावर बसलेली. मी जिना धरला. हा गुडघा घेऊन. तळघरातून तिसऱ्यापर्यंत, कठड्याला धरून, आणि तोंडानं काय बोलत होते ते सांगत नाही, ते फिनिश होतं, आमची फिनलंडची भाषा, भाषांतर करण्यासारखं नव्हतं. खोली क्रमांक तीनशे चौदा. पिशवी टांगलेली, नळी चालू, थेंब पडतायत, शेजारी दुसरीच एक नर्स, औषधं द्यायला आलेली, बिचारी खऱ्या नोंदीत बघून बरोबर काम करत होती. मी सरळ नळीची चिमटी आवळली. दोन मिनिटं गेली होती. मानेवर लाल चट्टे यायला लागले होते. ते पुढचं सगळं झालं, इंजेक्शन, ऑक्सिजन, चारजण धावत आले. तो आहे ना, तो, डोळे उघडून माझ्याकडे बघतो, तोंड निम्मं सुजलेलं, आणि म्हणतो, राईली, म्हातारी झालीस. मी म्हटलं, गप पड.

वाचला. सहा दिवसांनी घरी गेला. चौथ्या दिवशी मला म्हणतो, या हॉस्पिटलात मला सगळे ओळखतात. म्हटलं, म्हणजे? म्हणतो, जी नर्स येते ती हातावरच्या पट्टीवरचं नाव वाचते आणि खोकत बाहेर जाते. दुसऱ्या वॉर्डातल्या येऊन दारातून बघून जातात. एकीनं माझा हात हातात घेऊन विचारलं, आता पोट कसं आहे? माझा तर पाय दुखतोय, राईली. शेवटी एका वॉर्डबॉयनं त्याला सांगितलं. मला वाटलं, आता हा वकील आणतो. हा हसतोय. सलाईनचा खांब हलायला लागला इतका हसतोय. म्हणाला, दोनशे? मी म्हटलं, दोनशे सात. म्हणाला, कमीच आहेत. काय माणूस आहे बघा. वर विचारतो, हिवाळ्यात तळ्यावर येशील का, सौना तापवतो – आमची ती वाफेची खोली हो. मी म्हटलं, आधी एनिमा घे.

तर म्हणून. म्हणून मी सही करत नाही. त्या दिवशी कानाला खडा लावला. ब्रायनीनं त्याला सगळं नीट विचारलं होतं, नीट लिहिलं होतं, फक्त चुकीच्या खिडकीत. दोन्ही प्रती उघड्या होत्या तिच्या कॉम्प्युटरवर. 'काम, सासू' आधीच लिहिलेलं बघून तिला वाटलं, पेशंटनंच दाखल होताना चेष्टा केली असेल. लाल पट्टी असते ना ॲलर्जीची, मनगटाला बांधायची, तीही छापायला दिली तिनं, पण सरावाची प्रत काही छापत नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर तसाही कधी चालत नाही, म्हणून तिला काही वाटलं नाही. एक नारिंगी पट्टी, डॉक्टर. वर्गात बसली असती तर दहा मिनिटांत कळलं असतं. मी खूण केली नसती तर बसली असती. हे बघा, एवढंच आहे, आता तुम्ही पासवर्ड टाका आणि—

काय? सरावाची प्रत उघडीच का होती? अहो, ती शिकत होती. नाश्त्याच्या सुट्टीत, आपलं आपण. मी खूण केली पण ट्रेनिंग तर झालं नव्हतं ना, तिच्या मनाला लागलं असणार, म्हणून पाव खाता खाता सराव करत होती. तशी पोरगी चांगलीच आहे. चला, पासवर्ड टाका—

हां. जन्मतारीख. हो, बघायचीच असते. नाव आणि जन्मतारीख, दोन्ही, पेशंटच्या तोंडून विचारायची आणि स्क्रीनशी ताडून बघायची, तिसरं काही करण्याआधी. मीच घोकून घेते सगळ्यांकडून, त्या भिंतीवरसुद्धा लावलंय. नाव एक असणं हा योगायोग झाला, तसंच चौकशीच्या अहवालात लिहिलंय, 'नामसाधर्म्य', आणि जन्मतारीख बघितली असती तर लक्षात आलं असतं, असंही लिहिलंय. बघितली नाही असं म्हणतायत ते. निष्काळजीपणा. तुम्ही फार बारीक विचार करता, डॉक्टर, सर्जनला बरं असतं ते.

बघितली तिनं.

बघितली, आणि जुळली. चौदा मार्च, आणि साल. मी भरली होती. त्या रकान्यात काहीतरी भरल्याशिवाय तो पुढे जाऊ देत नाही, तुम्हाला माहीत आहे, आणि मी नाव टाकलं एइनो हार्यू, आणि बोटांनी आपोआप पुढचं टाकलं. दुसरी कुठली तारीख टाकणार? तेवीस वर्षं झाली तरी चौदा मार्चला मी केक करत नाही, त्या दिवशी मुद्दाम दुसरं काहीतरी करते, म्हणजे लक्षात ठेवूनच ना. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मस्करी होती. खऱ्या माणसाचं खरं नाव, खरी तारीख, आणि ती ठेवली कुठे, तर जिथे दोनशे नवशिके चाचपडत येणार, त्याच दारात. ती पोरगी नियमानं वागली. मी शिकवते त्या नियमानं – मी शिकवलंही नव्हतं तिला, तरी वागली.

त्याच दुपारी बदललं मी. जिना उतरून आले, वर्ग सोडून दिला, अकराजण गेले, आणि एइनोचं सराव दोन केलं. तारीख एक जानेवारी. नाव बदललं ते सगळ्यांना सांगितलं, पुन्हा गोंधळ नको म्हणून; तारखेचं नाही. मग चौकशीवाले आले, म्हणाले, सरावाच्या पेशंटांची नावं कोण ठेवतं? मी म्हटलं, ती कॉम्प्युटर विभागाकडून येतात. खोटं नाही, आलीच होती तिकडून. म्हणाले, म्हणजे योगायोग. मी म्हटलं, योगायोग. आणि तुम्हाला सांगते, दोनशे माणसांना ठाऊक आहे तो एइनो कोण होता, आणि त्यांतलं एकही बोललं नाही. माझ्यावरच्या प्रेमानं. तारीख मात्र त्यांनाही ठाऊक नाही, त्यांना वाटतं नुसतं नावच सारखं होतं, आणि पोरीनं घाई केली.

एइनोला सांगितलं मी. तो घरी जायला निघाला तेव्हा, चाकांच्या खुर्चीत बसवताना. मला वाटलं हसेल. तो हसायचा थांबला. म्हणाला, त्या पोरीला सांगितलंस? एइनो, म्हणजे बघा, ज्यानं मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिठ्ठी ठेवून सोडलं, तो मला विचारतोय, सांगितलंस का म्हणून. मी म्हटलं, सांगेन. पाच आठवडे झाले त्याला.

तिला एकटीला औषधं देऊ देत नाहीत आता, शेजारी एक नर्स उभी असते. सोमवारी ठरवणार आहेत, तिला पक्की करायची की पाठवून द्यायची. काल ती इथे आली होती. आपली आपण, शिफ्ट संपल्यावर, त्याच खुर्चीत बसली, म्हणाली, राईली, मला पहिल्यापासून शिकवा. दोन तास बसलो. पट्टी कशी बघायची, खिडकी कशी बंद करायची. एकदम सगळं येतंय तिला. आणि निघताना पिशवी खांद्याला लावत म्हणते, एक मला कळत नाही, मी तारीख बघितली होती, मला आठवतंय, चौदा मार्च, त्यांनी सांगितली आणि मी स्क्रीनवर बोट ठेवून बघितली, सगळे म्हणतात मी बघितली नाही, आता मलाच वाटायला लागलंय की मी मनानं रचलं. राईली, असं होतं का हो? आणि मी काय म्हणाले, सांगू? मी म्हटलं, होतं. कामाच्या धबडग्यात डोळे फसवतात, बाळा, मनाला लावून घेऊ नकोस. पाव दिला तिला बांधून, आईसाठी.

हे मी तुम्हाला का सांगत बसलेय? तुम्हाला सही पाहिजे होती. मी कारण सांगत होते नुसतं, सही का करत नाही त्याचं, ते मी आधीही चार-पाचजणांना सांगितलंय, जिना, चिमटी, म्हातारी झालीस – तिथे सगळे हसतात आणि मग बसतात मुकाट्यानं. तारखेचं कुणी विचारलं नव्हतं.

किती वाजले? सव्वादोन. मार्जरी, आमची नर्सांची प्रमुख, शुक्रवारी अडीचला गाडी काढते.

उठा, डॉक्टर. नाही, पासवर्ड राहू दे, आता नाही शिकवत मी. सोमवारी आठला या, इथे मी असेन नाहीतर दुसरं कोणी असेल, दोन तास बसा आणि शिका. तो पाव घेऊन जा हवा तर. नाही, माझ्याबरोबर नका येऊ, काही धरायची गरज नाही, आणि तुम्ही काही सांगायचंही नाहीये कुणाला, ते माझं मला सांगू द्या. दिवा मी घालवते. जा म्हटलं ना.